गाण्यातली आई

रॅप म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाळाला आठी पडते. चाल नाही, सूर नाही, नुसती धडाधड बडबड. वर ते हातवारे, उलटी टोपी आणि मधूनच कानाला टोचणारी शिवी. 'याला काय गाणं म्हणायचं?' हा प्रश्न २०१९ मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला तेव्हापासून आपल्या तालुक्याच्या गावांतही घरोघरी विचारला जातो. मुलं कानात बोळे घालून बसतात आणि आपण स्वयंपाकघरातून हाका मारत राहतो. खरं सांगायचं तर लता-आशांच्या गाण्यांवर वाढलेल्या माझ्या कानांना तो प्रकार आजही गोड लागत नाही. लागलाच पाहिजे असंही नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यातला 'मी' गाणाऱ्याचा नसायचा. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी गायचं आणि गाण्यातला 'मी' कधी राम, तर कधी कौसल्या. रॅपमध्ये बहुधा लिहिणारा तोच, म्हणणारा तोच आणि गोष्टही त्याचीच. गल्लीचं नाव खरं, घरातली भांडणं खरी, बापाची दारू खरी. आणि घरची गोष्ट सांगायची म्हटली की तिच्यात आई येणारच, नाही का? आज मला लिहायचंय ते या गाण्यातल्या आईबद्दल. 'बोलून टाक, मन हलकं होईल' असं आपण एकमेकींना येता-जाता सांगतो, ते कितपत खरं आहे, हेही त्या निमित्ताने पाहू.

हे सगळं सुरू झालं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी. सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. तिने राहत्या इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. निमंत्रणं हाताने लिहिलेली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह होता. त्यालाच पुढे जग 'डीजे कूल हर्क' म्हणून ओळखू लागलं आणि हिप-हॉपचा जनक म्हणू लागलं. पार्टी सिंडीची, जनक मात्र भाऊ! (यात आपल्याला नवीन काय आहे म्हणा.) सुरुवातीला हा सगळा नाचाचा, मजेचा मामला होता. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं 'द मेसेज' आलं आणि नाचाच्या ठेक्यावर अचानक एक माणूस बोलू लागला. घाण, कर्ज आणि गुन्हेगारीने वेढलेल्या वस्तीत राहून डोकं फिरायची वेळ आलेला माणूस. तेव्हापासून रॅप हे घरचं गाऱ्हाणं वेशीवर सांगायची जागा झालं.

आता आयांकडे येते. पहिली अफेनी शकूर. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'ब्लॅक पँथर' संघटनेची ती कार्यकर्ती. बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप ठेवून न्यूयॉर्कमध्ये २१ जणांवर खटला भरला गेला, त्यात तीही होती. पोटात मूल आणि वकील नाही. ती स्वतः कोर्टात उभी राहिली, स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले आणि पुढच्याच महिन्यात तिला मुलगा झाला, तुपाक. अशी ही बाई पुढे 'क्रॅक' नावाच्या भयंकर नशेच्या आहारी गेली. कोवळ्या वयातला मुलगा घर सोडून गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती त्यातून बाहेर पडली. १९९५ मध्ये तुपाकचं 'डिअर मामा' आलं. त्यात आईचं व्यसन त्याने लपवलं नाही. पण तिने एकटीने, पैशाची चणचण असताना, घर कसं ओढलं तेही त्याच दमात सांगितलं. तिचं ऋण फिटणार नाही म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१० मध्ये हे गाणं जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण बायकांच्या पानावर ती गाळता येणार नाही. हे गाणं बाजारात आलं तेव्हा तुपाक एका तरुणीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात दोषी ठरून तुरुंगात होता. आईसाठी रडणारा मुलगा दुसऱ्या बाईशी नीट वागेलच असं नाही. गाणंही खरं आणि कोर्टाचा निकालही खरा. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, तो गोळीबारात गेला. अफेनी मात्र २०१६ पर्यंत जगली आणि आपल्या व्यसनाबद्दल स्वतःच्या तोंडाने मोकळेपणी बोलत राहिली.

दुसरी आई डेबी मॅदर्स, एमिनेमची. तिची कहाणी वाचताना मला जास्त अस्वस्थ व्हायला झालं. डेट्रॉइटकडचा हा गोरा मुलगा. बाप लहानपणीच सोडून गेलेला, घरं आणि शाळा सतत बदललेल्या. १९९९ मध्ये तो गाजला तो आईची उणीदुणी काढतच. आई नशा करायची असं त्याने गाण्यात म्हटलं. तिने ते साफ नाकारलं आणि पोटच्या पोरावर बदनामीचा दावा लावला. एक कोटी डॉलरचा! २००१ मध्ये तडजोड झाली ती २५ हजारांवर आणि वकिलाचे पैसे जाऊन तिच्या हातात पडले सुमारे १६०० डॉलर. २००२ मध्ये त्याने आणखी एक गाणं केलं. त्यातला राग तर असा, की ऐकताना कान झाकून घ्यावेत. जगभरातली लाखो पोरं ते तोंडपाठ म्हणू लागली. कल्पना करा, बाजारात, बसमध्ये, शेजारच्या घरातून आपल्याच मुलाचा आवाज आपली लक्तरं काढतोय. २००८ मध्ये डेबीने तिच्या बाजूचं पुस्तक लिहिलं, पण गाण्यापुढे पुस्तक कोण वाचतो?

आणि तो? एवढं सगळं ओकून टाकून तो बरा झाला का? तर नाही. २००७ च्या डिसेंबरात गोळ्यांचा जादा डोस होऊन तो मरता मरता वाचला. बोलण्याने मन हलकं होतं म्हणतात, मग वर्षानुवर्षं बोलणाऱ्या माणसाचं का नाही झालं?

याचं उत्तर मला सापडलं ते जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामात. १९८६ मध्ये त्याचा एक साधासा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही मुलांना त्याने सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातला सगळ्यात दुखरा प्रसंग लिहायला सांगितला, तर काहींना असंच किरकोळ काहीतरी. मनातलं लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरं वाटलं नाही, उलट जास्तच उदास वाटलं. पण पुढच्या ६ महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि त्यावेळी वाटलेलं असं दोन्ही लिहिलं होतं, त्यांना कॉलेजच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी पडल्या. नंतर अशी बरीच लिखाणं तपासल्यावर त्याला दिसलं ते फार मोलाचं आहे. रोज तेच, त्याच शब्दांत उगाळणाऱ्यांना फारसा फायदा होत नाही. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' असे शब्द वाढत जातात, ते सावरतात. म्हणजे नुसतं बोलून मन हलकं होत नाही. तीच गोष्ट पुन्हा सांगताना ती थोडी बदलली पाहिजे. तिच्यात 'का' आला पाहिजे, समोरचा माणूस आला पाहिजे.

आता एमिनेमकडे परत बघा. व्यसन सोडल्यावर, २०१३ मध्ये, त्याने 'हेडलाइट्स' हे गाणं केलं. तीच आई, तेच घर, तेच बालपण. पण आता तो म्हणतो की ते जुनं गाणं मी कार्यक्रमात गात नाही, कानावर पडलं तरी अंग चोरावंसं वाटतं. आई एकटी होती, तिच्याही हातात फारसं काही नव्हतं, हे आता त्याला दिसतं. तो तिची माफी मागतो. २०१४ च्या मे महिन्यात, मातृदिनाच्या दिवशी, त्या गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात बराचसा वेळ कॅमेरा आईच्या डोळ्यांनी बघतो. मधे अकरा वर्षं गेली. जुन्या गाण्यात त्याला आईचा फक्त अपराध दिसत होता, नव्या गाण्यात आई दिसली. डेबी डिसेंबर २०२४ मध्ये कर्करोगाने गेली. मायलेकांमधलं सगळं मिटलं होतं का, ते त्या दोघांनाच ठाऊक.

गोष्ट पुन्हा सांगायला कुणीतरी ऐकणारंही लागतं. एडगर टायसन हे अमेरिकेतले समाजकार्यकर्ते, म्हणजे माझ्यासारख्यांच्याच पंथातले, फक्त शिकलेले जास्त! सरळ वाटेवरून घसरलेल्या मुलांना समोर बसवून 'तुला काय होतंय' विचारलं, की ती तोंड उघडत नाहीत. आपल्याकडे तरी कुठे उघडतात? टायसननी त्यांना त्यांच्या आवडीचं रॅप ऐकवलं आणि त्यावर बोलतं केलं. याला त्यांनी 'हिप-हॉप थेरपी' म्हटलं आणि २००२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ब्रॉन्क्समधल्या शाळांतून समुपदेशक मुलांना स्वतःचं रॅप लिहायला बसवू लागले. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, मग गटात म्हणून दाखवायचं. केंब्रिजमध्ये अकीम सुले हे मनोविकारतज्ज्ञ आणि बेकी इंकस्टर या मेंदूशास्त्रज्ञ यांनी २०१५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात केंड्रिक लामार या रॅपरच्या गाण्यांवर लेख लिहिला. त्याच्या गाण्यांतलं नैराश्य, व्यसनं, भीती यांवर त्यात डॉक्टरांच्या नजरेतून लिहिलंय. त्याच लामारला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मुलांच्या कानातल्या त्या 'बडबडी'ला!

तिसरी आई आहे ग्लोरिया कार्टर, जे-झी या गायकाची. चार लेकरांना वाढवताना तिने आयुष्यभर एक गोष्ट लपवली होती. तिचं प्रेम बाईवर होतं. २०१७ मधल्या 'स्माइल' या गाण्यात मुलगा ते सांगतो, कडवटपणा न ठेवता, तू आनंदी राहा एवढंच म्हणत. पण मला आवडलं ते पुढचं. गाण्याच्या शेवटी मुलगा गप्प होतो आणि ग्लोरिया स्वतःच्या आवाजात स्वतःचं मनोगत वाचते. आईची गोष्ट सांगताना तिला माईक देणारा मुलगा विरळाच.

बाईने स्वतः सांगायचं ठरवलं तर काय होतं? लॉरिन हिलने १९९८ मध्ये, ऐन बहरात असताना, मूल ठेवायचा निर्णय गाण्यात सांगितला. 'आधी करिअर बघ' म्हणणाऱ्यांना उत्तरच दिलं. त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला, हिप-हॉपला पहिल्यांदाच. मेगन थी स्टॅलियनची आई स्वतः रॅपर होती. २०१९ मध्ये ती गेली, पुढच्या वर्षी मेगनवर गोळी झाडली गेली आणि वर लोकांनी तिलाच खोटं ठरवलं. गोळी झाडणाऱ्याला कोर्टाने २०२२ मध्ये दोषी धरलं. त्याच वर्षी तिने आपल्या घबराटीवर, आईच्या आठवणीवर गाणं केलं आणि मानसिक मदत कुठे मिळेल याचे पत्ते देणारं संकेतस्थळही काढलं. बाईला आपली गोष्ट सांगून भागत नाही, ती खरी आहे हेही सिद्ध करावं लागतं.

हे वारं आपल्याकडे मुंबईच्या वस्त्यांमधून आलं. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपलं पहिलं गाजलेलं गाणं चक्क आयपॅडवर रेकॉर्ड केलं. अंधेरीचा डिव्हाइन आजीजवळ वाढला, कारण आई परदेशात कामाला. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे 'माही जी' या नावाने जंगल-जमिनीचं, आपल्या माणसांचं रॅप करते.

पण स्वतःची गोष्ट ठेक्यावर सांगणं आपल्या बायकांना नवं थोडंच आहे? जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर-माहेर, नवऱ्याचा मार, लेकीची माया, सगळं त्यात आहे. पहाटेच्या अंधारात, दोघी समोरासमोर बसून, एकीने म्हणायची, दुसरीने ऐकायची. जातं गेलं ते बरंच झालं, खांदे दुखायचे थांबले. पण ती समोर बसून ऐकणारीही गेली. २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर निदान अग्रलेख येतो हो. या बायकांचं काय झालं होतं, हे कुणी विचारलं?

आमच्या सल्ला केंद्रात मागे एक बाई मुलाची वही घेऊन आली. मुलगा बारावीला. वहीत हिंदी-मराठीची भेळ करून लिहिलेलं रॅप. बाप पिऊन येतो, ताट फेकतो, मी पांघरुणात कान दाबून पडतो, असं सगळं. बाई हादरली होती ती वेगळ्याच गोष्टीने. 'ताई, हा हे मित्रांना म्हणून दाखवतो. गावात तोंड दाखवायला जागा राहील का?' मी तिला म्हटलं, आधी मला पूर्ण वाचून दाखव. तिने वाचलं. सुरुवातीला घाईघाईत, मग सावकाश. वाचून झाल्यावर वही मिटली आणि म्हणाली, 'यात मी कुठेच नाही. त्या रात्री मीपण जागीच होते की. पलीकडच्या खोलीत दार लावून बसले होते. हे त्याला माहीतच नाही.'

मी म्हटलं, मग सांग त्याला. तिने दोन महिने घेतले. एवढंच कळलं की वही आता गादीखाली नसते, टेबलावर असते. बापाची दारू काही सुटलेली नाही, त्याच्यासाठी वेगळी खटपट चालू आहे. तेव्हा मुलाच्या वहीत किंवा गाण्यात घरातलं काही दिसलं, तर वही फाडायला धावू नका. 'घरातलं बाहेर का सांगतोस' हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारता येईल. पहिल्या गाण्यात राग असणारच. त्यात आपण खलनायिका असू, किंवा या बाईसारख्या नसूच. ते शेवटचं गाणं नव्हे.

मात्र एका बाबतीत थांबू नका. अमेरिकेत १९९८ ते २०१८ या काळातली, दर पाच वर्षांनी सर्वांत गाजलेली २५-२५ रॅप गाणी अभ्यासकांनी तपासली. नैराश्याचा उल्लेख असलेली गाणी १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेली. आत्महत्येचा उल्लेख १९९८ मध्ये एकाही गाण्यात नव्हता, २०१८ मध्ये तो १२ टक्के गाण्यांत होता. यामुळे पोरं बिघडतात की आधीच दुखावलेली पोरं अशी गाणी ऐकतात, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. पण लिहिण्यात, बोलण्यात 'मी नसलेलाच बरा' असा सूर सारखा येत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर 'गाणंच आहे' म्हणून सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. आणि नुसत्या मायेवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. हे सगळं मुलांना लागू आहे, तसंच आपल्यालाही.

लॉजिक नावाच्या रॅपरने २०१७ मध्ये एका गाण्याला नाव म्हणून चक्क फोन नंबर दिला, आत्महत्या रोखणाऱ्या अमेरिकेतल्या मदतवाहिनीचा. जीव नकोसा झालेला एकजण फोन करतो, पलीकडून कुणीतरी ऐकतं आणि शेवटी त्याला जगावंसं वाटतं, एवढीच त्यातली गोष्ट. २०२१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. हे गाणं सर्वाधिक चर्चेत असलेल्या ३४ दिवसांत मदतवाहिनीला नेहमीपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्या अंदाजे २४५ ने कमी झाल्या.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मदतवाहिनी आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी, तेवढा लिहून ठेवा.